खुडूक कोंबडी अर्धवट गोधडीवर बसली आहे. उठवू का?

परसदार
सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी इथं बरीच वर्षं नुसती वाचते. लिहायला आज पहिल्यांदा बसले, तेही एका कोंबडीपायी.

थोडी पार्श्वभूमी सांगते. ३१ वर्षं पोस्टात काढली, डोंबिवलीला, त्यातली बरीचशी बचत खात्याच्या खिडकीवर. दोन वर्षांमागं निवृत्त झाले आणि आम्ही दोघं लांजा तालुक्यात यांच्या गावच्या घरी राहायला आलो. सासूबाई होत्या तोवर आम्ही मे महिन्यात आणि गणपतीत येणारे पाहुणे. त्या जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्यामागं एक खुराडं, एक चूल आणि पत्र्याची ट्रंकभर सुती लुगडी राहिली. कोंबड्या मधल्या काळात शेजारच्या आक्कांनी सांभाळल्या. त्यांच्यातल्याच पाच आणि एक कोंबडा आता परत आमच्याकडं आहेत.

माझ्या मुलीला कार्तिकात बाळ होणार आहे. ती चिंचवडला असते. तिच्यासाठी आजीच्या लुगड्यांची गोधडी करायची म्हणून आषाढात बसले. शिवणकामाचा अनुभव विचाराल तर पोस्टाच्या पिशव्यांची तोंडं सुतळीनं बांधलीत, एवढाच. नागपंचमीला चिरायचं-शिवायचं नाही म्हणून अर्धवट गोधडी उचलून पडवीतल्या हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, ठेवली, ती तिथंच राहिली. त्यानंतर आठ-दहा दिवस अंडी कमी मिळत होती. मला वाटलं मुंगूस नेतंय, मी यांना रात्री बॅटरी घेऊन पाळतीवरसुद्धा बसवलं. मुंगूस बिचारं निर्दोष निघालं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काबरी कोंबडी हाऱ्यात चढून बसली ती उठेना. पिसं फुगवून कुर्र करते, हात पुढं केला की टोचते. तिला जरा कलती करून बघितलं तर खाली ११ अंडी, आणि अंड्यांखाली सासूबाईंचं हिरवं लुगडं.

आज तिसरा दिवस. माझ्या अडचणी अशा:

गोधडीच्या सुया माझ्याकडं तीन. दोन डब्यात आहेत. तिसरी मी गोधडीतच टोचून ठेवली होती, नेढ्यात वीतभर दोरा असेल. म्हणजे ती आत्ता कोंबडीच्या पोटाखाली कुठंतरी आहे. आक्कांना सांगितलं तर त्या म्हणतात, "असू दे गं, बरंच झालं. पावसात कोंबडी रवणावर, अंडी उबवायला, बसवताना खाली लोखंड लागतंच, गडगडाटानं अंडी वाया जात नाहीत." त्या स्वतः खिळा आणि कोळशाचा खडा ठेवतात. माझा जीव मात्र सुईत अडकलाय. कोंबडी हलवली तर चालते का? की एकदा उठवली की पुन्हा बसत नाही?

दुसरं गोधडीचंच. पाच थर आहेत. खाली सासऱ्यांचं धोतर, मधे दोन लुगडी आणि माझी एक साडी, वर हिरवं लुगडं. कडेनं चौकोनी फेरे मारत आत यायचं असं आक्कांनी दाखवलं. दोन वीत आत आले आणि मधे असा फुगवटा आलाय की बाळ त्यावर ठेवलं तर घरंगळेल. कुठं चुकलं?

आणि गणपतीला धोंडस, म्हणजे तवशाचा (जून काकडीचा) आपला गावठी केक, करायचं आहे. सासूबाई चुलीवर करायच्या, खालीवर निखारे ठेवून. मी मागच्या आठवड्यात करून बघितलं, खाली कोळसा, वर गिच्च. यांनी मधला थर खाल्ला आणि "छान आहे" म्हणाले. ३४ वर्षांच्या संसारात त्यांचा हा स्वर मला ओळखता येतो.

एका धाग्यात तीन विषय नकोत असा नियम असेल तर माफ करा. आमच्याकडं ते तिन्ही एकाच पडवीत आहेत. सासूबाईंना विचारलं की उत्तर यायचं, "अंदाजानं." त्यांचा अंदाज त्यांच्याबरोबर गेला. मला आकडे हवेत.


टेकसॅव्ही शेतकरी
सोमवार, रात्री १०:२०

काकू, छोटा इन्क्युबेटर ऑनलाइन मिळतो. ११ अंडी त्यात टाका, कोंबडी उठवा, गोधडी मोकळी. तापमान, आर्द्रता सगळं ऑटोमॅटिक.


परसदार
सोमवार, रात्री १०:३५

बाळा, सूचनेबद्दल आभार. पण आमच्याकडं श्रावणात वीज गेली की ती परत येईल तो दिवस आपला. परवा ती १९ तास नव्हती. कोंबडी तेवढ्या वेळात दोनदाच उठली.


गुरांचा दवाखाना
मंगळवार, सकाळी ६:१०

ताई, पशुधन पर्यवेक्षक म्हणून पाटण तालुक्यात नोकरी झाली, आता घरी आहे. तुम्हाला आकडे हवेत ना, घ्या.

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. गावरान जातीत एखादा दिवस मागंपुढं होतो. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठणार, दाणापाणी करून, मोठी घाण टाकून पंधरा-वीस मिनिटांत परत. तेवढ्यानं अंडी गार होत नाहीत, काळजी नको. घाण ती जागेवर करत नाही, त्यामुळं तुमची गोधडी वाटते तेवढी खराब झालेली नसणार.

हलवता येते. दिवसा नाही, रात्री. अंधारात कोंबडीला फार दिसत नाही. आधी दुसरी टोपली तयार ठेवा. तळाला दोन बोटं कोरडी माती किंवा वाळू, वर पेंढा. पेंढा नाकाला लावून बघा, कुबट वास आला तर वापरू नका. बुरशीनं पिल्लांच्या फुफ्फुसाला त्रास होतो. पेंढ्यात दोन मुठी राख आणि थोडा कडुनिंबाचा पाला. मधे खोलगट करा म्हणजे अंडी कडेला घरंगळत नाहीत. मग एकानं कोंबडी दोन्ही हातांनी पंख दाबून उचलायची, दुसऱ्यानं अंडी हलवायची. पहिली अंडी, मग वरून कोंबडी. वर डालगं झाका आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडू नका. टोपली होती त्याच जागी ठेवा. जागा बदलली तर ती उठून जुन्या जागेवर जाऊन बसते, हे मी लोकांच्या घरी पन्नासदा पाहिलंय.

कोंबडी उचलताना पंखाखाली हात घालून बघा. कधी कधी अंडं पंखात धरलेलं असतं, ते पडून फुटतं.

आता ११ अंड्यांचं. त्यातली सगळी एकीची नाहीत. दहा दिवसांत एक गावरान कोंबडी एवढी घालत नाही, दुसरीही तिथंच घालून जातेय. म्हणून हलवताना प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं गोल काढा. पेन नको, पेन्सिल. रोज काबरी उठली की बघायचं, खूण नसलेलं अंडं दिसलं की ते ताजं, काढून घ्यायचं. नाहीतर २१ व्या दिवशी निम्मी पिल्लं चालायला लागतील आणि निम्मी अंडी अर्धवट, आणि ती पिल्लांमागं निघून जाईल.

सातव्या रात्री अंडी तपासा. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडा, खाली मोबाइलची बॅटरी, वर अंडं. कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जिवंत. नुसतं पिवळट स्वच्छ दिसलं तर गार, म्हणजे पिल्लू धरलंच नाही. रक्ताचं कडं दिसलं तर सुरू होऊन मेलेलं. शेवटचे दोन प्रकार काढून टाका, पुढं ते आतून सडून फुटतात. १८ व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही.

लोखंडाचं म्हणाल तर गडगडाटानं अंडी मरत नाहीत. पावसाळ्यात अंडी जातात ती ओलीनं, आणि आवाजाला बिचकून कोंबडी रात्रभर बाहेर राहिली तर गारठ्यानं. खिळा ठेवा नाहीतर घणाचा दांडा ठेवा, टोपली पावसाच्या झडीपासून आत घ्या. सुई मात्र आधी काढा. कोंबडी अंडी पायानं आणि चोचीनं फिरवते, दिवसातून कितीतरी वेळा.


खानापूरची
मंगळवार, दुपारी २:१५

काकू, तुमच्या पाच थरांत "माझी एक साडी" असं लिहिलंय. ती सुती आहे का? मला शंका आहे.


परसदार
मंगळवार, दुपारी ३:००

निवृत्तीच्या समारंभात मिळालेली. जॉर्जेट असावी. नेसले नाही कधी, म्हटलं निदान बाळाच्या अंगाखाली येईल.


खानापूरची
मंगळवार, दुपारी ३:४०

तीच ती. फुगवटा तिचा आहे.

सुती कापड सुती कापडाला धरून राहतं, त्यात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं असेल तर जास्तच. मधे जॉर्जेट घातलं की वरचा थर खालच्यावर सरकतो. तुम्ही कडेनं फेरे मारत आत येताय, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला सुई वरचं कापड किंचित पुढं ढकलते. दोन वीत आत येईपर्यंत ते सगळं मधे गोळा होतं. समारंभाचं काहीही असो, ती साडी बाहेर काढा. उसवणं जिवावर येतं, पण आत्ता दोन वीतच उसवायचं आहे.

नंतर पुन्हा मांडताना: सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर खालचा थर ताणून पसरा, चार कोपऱ्यांवर चार जड वस्तू. आम्ही पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवतो. प्रत्येक थर मधून कडेकडं हातानं साफ करत या. मग आधी कच्चे टाके, लांब लांब, मधून चार दिशांना. इथं कंटाळा करायचा नाही, अर्धी गोधडी इथंच होते. त्यानंतर कडेनं आत या, नाहीतर सरळ ओळी मारा, दोन्ही चालतं. ओळींत एका बोटाचं अंतर. बाळासाठी करताय तर अजून जवळ नको, कडक होते. टाका वरून तांदळाएवढा दिसला पाहिजे.

आमच्या खानापूरच्या पलीकडं, हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला सिद्दी बायका राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात आणि ती बघण्यासारखी असते. त्याही कोपऱ्यातून सुरू करून कडेकडेनं आत येतात, पण त्यांच्यात फुगवटा येत नाही. कारण वरचं कापड त्या एकसंध घेतच नाहीत. हातात येईल तो तुकडा दुमडून कडेला ठेवायचा, शिवायचा, पुढचा घ्यायचा. कापड आत ढकलायला जागाच उरत नाही, शिवत शिवतच वरचा थर तयार होतो. शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते म्हणतात. तुमच्या ट्रंकेत फाटकी लुगडी असतील तर वरचा थर असा करून बघा, फाटका भाग आपोआप टाळता येतो.

एक आमच्या घरचं. आजी शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत भाकरीचा वाळका तुकडा ठेवायची. उपाशी गोधडी ऊब देत नाही म्हणायची. तुमच्या घरात पाच कोंबड्या आहेत हे लक्षात घेऊन हा प्रकार मी सुचवत नाही.


गुरांचा दवाखाना
मंगळवार, सायंकाळी ६:३०

भाकरीला उंदीरही लागतात. आणि उंदराला साप.


कुडाळचा चूलखंड
मंगळवार, रात्री ८:०५

बाये, तवसा जून व्हया. कवळ्या तवशान धोंडस पाणचट जाता.

आता शुद्ध लिहिते, नाहीतर घाटावरचे लोक विचारत बसतील. तवसं पिवळं झालेलं, साल जाड झालेलं घ्यायचं. सोलून, बिया काढून किसायचं आणि सुटलेलं पाणी टाकायचं नाही. तेच पाणी पुरतं, वरून थेंब घालायचा नाही. तुमचं गिच्च राहिलं त्याचं एक कारण तुम्ही वरून पाणी घातलं असणार.

आमच्याकडचं माप: तांदळाचा जाडसर रवा २ वाट्या, तवशाचा कीस पाण्यासकट अडीच वाट्या, गूळ सव्वा वाटी, ओलं खोबरं १ वाटी, मीठ, चिमूटभर हळद, वेलची, तूप. रवा तुपावर भाजायचा, तांबूस नाही, फक्त सुगंध येईपर्यंत. कीस आणि गूळ उकळला की रवा घालून घट्ट होईपर्यंत ढवळायचं. उलथनं मधे उभं राहिलं पाहिजे. हे आधी शिजवणं बऱ्याच जणी गाळतात आणि मग निखाऱ्यांना नावं ठेवतात.

भांडं कुठलं होतं? पातळ अ‍ॅल्युमिनियमचा टोप असेल तर खाली कोळसा होणारच. जाड बुडाचं घ्या, सासूबाईंचं पितळी पातेलं असेल कुठंतरी. कल्हई मात्र बघून घ्या. तळाला हळदीची पानं, नसतील तर केळीचं पान, तूप लावून.

निखारे खाली एक भाग, वर दोन भाग. हेच उलटं होतं सगळ्यांचं, कारण चुलीत निखारे आयते असतात आणि झाकणावर ठेवायला कष्ट पडतात. चुलीतले बाहेर ओढायचे, आत फक्त गरम राख आणि मूठभर निखारे. झाकण सपाट, वर कड असलेलं, म्हणजे निखारे घसरत नाहीत. करवंटीचे निखारे तापतात भसकन आणि विझतात लगेच. वर ते घाला, वीस मिनिटांनी बदला. खाली शेणीचा विस्तव बरा, तो मंद राहतो. पाऊण तास ते एक तास. काडी कोरडी आली की उतरवायचं आणि हात लावायचा नाही. गरम कापलं की भुगा होतो. रात्री करा, सकाळी वड्या पाडा.

गॅसवर करायचं असेल तर कढईत दोन बोटं वाळू, दहा मिनिटं तापवून, आत स्टँडवर डबा, वर झाकण. होतं ते पण. मला आवडत नाही.


परसदार
बुधवार, सकाळी ७:१५

पाणी घातलं होतं. अर्धी वाटी. तुम्हाला कुडाळात बसून कसं कळलं?

काल रात्री कोंबडी हलवली. यांनी धरली, मी अंडी. एका पंखात खरंच एक अंडं होतं, दवाखानावाल्या भाऊंनी सांगितलं नसतं तर गेलंच होतं. सगळ्यांवर पेन्सिलीनं गोल काढले, आणि सवयीनं पुढं तारीखही टाकली. गोधडी ओढून घेतली, वरून वरून चाचपली. सुई नाही.

मग दिव्याखाली घडी उलगडून इंच न् इंच बघितली. दोरासुद्धा नाही. हारा झटकला, पडवी झाडली. आक्का सकाळी येऊन म्हणाल्या, कोंबडीनं गिळली असेल. हे ऐकल्यापासून मी काबरीकडं टक लावून बसले आहे. भाऊ, कोंबडी सुई गिळते का?


गुरांचा दवाखाना
बुधवार, सकाळी ७:५०

टाचण्या, खिळे, तारेचे तुकडे गिळतात, चकाकतं ते टोचून बघतात. पण गोधडीची सुई बोटभर लांब असते, त्यात दोरा. अवघड आहे. खातेपिते, उठते, तुरा लाल आहे तर ठीक आहे. थर उसवलेत का? वरून चाचपून सुई सापडत नाही, ती आडवी होऊन आत सरकते.


खानापूरची
बुधवार, सकाळी ९:३०

जॉर्जेट काढायला उसवणारच आहात. लोहचुंबक घ्या, जुन्या स्पीकरमधला असतो तसला. आमच्या शिवणवर्गात भिंतीला टांगलेला असायचा. आणि गोधडी आत्ता धुऊ नका, ओली झाली तर सुई गंजेल आणि डाग पडेल.


परसदार
पुढचा सोमवार, रात्री ९:२०

उशीर झाला लिहायला. गणपती जवळ आले, घर आवरणं चालू आहे.

सातवी रात्र परवाच झाली पण मी एक दिवस थांबून तपासलं, अंधार करून, बुटाच्या खोक्याला भोक पाडून. यांनी मोबाइल धरला. ११ पैकी ८ मधे शिरा. एकात तर काळा ठिपका हलताना दिसला आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही थोडा वेळ. दोन गार, एकात रक्ताचं कडं. ती दोन गार अंडी केकात घालावीत का असा विचार मनात येऊन गेला. भाचे मुंबईहून येणार आहेत, त्यांना धोंडस चालत नाही, केकच हवा, आणि काबरी बसल्यापासून अंड्यांची टंचाई आहे.


गुरांचा दवाखाना
पुढचा सोमवार, रात्री ९:३५

नाही. आठ दिवस उबेला राहिलेलं अंडं खायचं नाही, केकातही नाही. पुरून टाका, खोल. वर पुरलं तर कुत्री उकरतात आणि मग खुराड्याकडं त्यांची नजर जाते.


कुडाळचा चूलखंड
पुढचा सोमवार, रात्री १०:००

आणि केक करताना एक लक्षात ठेवा. पाककृतीत लिहिलेली अंडी दुकानातली असतात, पंचावन्न ग्रॅमच्या आसपासची. आपलं गावरान चाळीस-पंचेचाळीस भरतं. तीन लिहिलीत तर चार घाला, नाहीतर केक बसतो. ही चूक मी मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला केली होती.


परसदार
गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी ३:१०

पाहुणे गेले. हात मोकळा झाला, सगळं एकदम सांगते.

धोंडस: दोनदा झालं. पितळी पातेलं माळ्यावर सापडलं, कल्हई लांज्याहून करून आणली. पहिल्या खेपेला वरचे निखारे वीस मिनिटांनी बदलायला विसरले, आरतीला गेले होते. वरून जरा पांढरं राहिलं. दुसरं ऋषिपंचमीच्या रात्री केलं आणि ते झालं. खाली फक्त पानांच्या शिरांचा ठसा, जळकं काही नाही. यांनी दोन वड्या खाल्ल्या आणि काही बोलले नाहीत, तिसरी घेतली. भाच्यांना केकही केला, वाळूवर, चार अंड्यांचा. दोन अंडी आक्कांकडून उसनी. गावात अंडी उसनी आणली की अंडीच परत द्यायची असतात, पैसे दिले तर त्या रागावतात. म्हणजे माझ्या खात्यावर आत्ता दोन अंडी नावे आहेत.

कोंबडी: २१ वा दिवस कालनिर्णयावर गौरी येण्याच्या आदल्या दिवशी पडत होता. त्या संध्याकाळी काहीच नाही. रात्री दोन वाजता उठून कान लावला तर चिवचिव. सकाळपर्यंत ४, आणि गौरी उंबऱ्यातून आत आल्या तेव्हा आणखी ३. आठवं अंडं फुटलंच नाही. आक्का म्हणाल्या, खिळा ठेवला असता तर फुटलं असतं. मी वाद घातला नाही.

आमच्याकडं गौरीला तिखटा, म्हणजे मटण-कोंबडीचा, नैवेद्य असतो हे कोकणातल्यांना सांगायला नको. घरात कोंबडा एकच. त्याच्याकडं सगळ्यांची नजर होती, त्यालाही बहुधा कळलं होतं, कारण तो दोन दिवस पेरूच्या झाडावरून उतरला नाही. शेवटी यांनी जाऊन मटण आणलं. सात पिल्लांच्या बापाला त्याच दिवशी कापायला कुणाचं मन होईना.

सुई: सापडली. भाच्यानं स्पीकर खोलून लोहचुंबक आणला, स्पीकर चालू होता की बंद हे मी विचारलं नाही. जॉर्जेट आणि लुगड्याच्या मधे, मी टोचली होती तिथून हातभर दूर, आडवी. कोंबडी बसता-उठता आत आत सरकत गेली असणार. पावसाची हवा, त्यात खाली ओल, सुई गंजली होती. हिरव्या लुगड्यावर मसुराएवढा तांबडा डाग आहे. लिंबू-मीठ लावून बघितलं, फिका झाला, गेला नाही. खानापूरच्या ताई, तुमचं ते त्रिकोणी फूल त्याच्यावर लावणार आहे. कोपऱ्यात नाही, चांगलं मधोमध येईल, पण येऊ दे.

गोधडी आता उसवून, थर वेगळे करून ठेवली आहे. पाऊस उघडला की हात भाजेल इतक्या गरम पाण्यातून काढून तीन दिवस कडक उन्हात वाळवणार आणि मगच पुन्हा मांडणार. कोंबडीचे पिसू बाळाच्या अंगावर नकोत. काबरीच्या पंखाखाली मला ते दिसले होते, राखेच्या खड्ड्यात लोळून तिनं स्वतःचं बघून घेतलं. कार्तिकापर्यंत होईल का माहीत नाही. मुलगी म्हणते, नाही झाली तर बाळ थांबेल.


गुरांचा दवाखाना
त्याच दिवशी, दुपारी ४:००

८ मधून ७, पावसाळ्यात, पहिल्या खेपेला. उत्तम.

पहिले दोन दिवस पिल्लांच्या पोटात बलकाचा साठा असतो, खायला घातलं नाही म्हणून मरत नाहीत, पण पाणी ठेवा. उथळ ताटलीत, मधे गोटे टाकून, नाहीतर बुडतात. मग बारीक कण्या, मक्याचा भरडा. सातव्या दिवशी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस, लासोटा, डोळ्यात एक थेंब. बर्फात ठेवून आणायची, पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची. बाटली लहानातली लहान घेतली तरी सात पिल्लांना फार होते, म्हणून आक्का आणि वाडीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच सकाळी गोळा करा. सहा ते आठ आठवड्यांनी दुसरी लस, ती टोचून. मानमोडी आली की वाडीत एक कोंबडी शिल्लक राहत नाही, हे काम पुढं ढकलू नका.


परसदार
त्याच दिवशी, दुपारी ४:२५

वाडीत सांगितलं. ४३ पिल्लं निघाली. यादी केली आहे, घरवार, रंगासकट. तीन रकान्यांत.

एकच विचारायचं राहिलं. सातांत कोंबडे किती हे कधी कळतं?


गुरांचा दवाखाना
त्याच दिवशी, दुपारी ४:४०

सहा-सात आठवड्यांनी तुरे बघा. ज्यांचे लवकर मोठे आणि लाल होतील ते कोंबडे. आत्तापासून नावं ठेवू नका, पुढच्या गौरीला अवघड जाईल.


परसदार
त्याच दिवशी, दुपारी ४:४५

ठेवून झाली.